ध्यानाच्या जागेसाठी बुद्धमूर्ती निवडताना

नाशिकच्या भांडी बाजारात पितळी बुद्धमूर्ती पाहताना आकाराआधी हातांची मुद्रा पाहावी. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळहात ही ध्यानमुद्रा होय, तर उजव्या हाताची बोटे भूमीला टेकलेली भूमिस्पर्श मुद्रा संबोधीच्या, म्हणजे बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीच्या, क्षणाची आहे. रोजच्या साधनेसाठी मला पहिली अधिक योग्य वाटते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी (पांडवलेणी) २० क्रमांकाच्या लेण्यातील, पाय खाली सोडून बसलेली, धर्मचक्र मुद्रेतील, म्हणजे उपदेशाच्या मुद्रेतील, भव्य मूर्ती खरेदीपूर्वी अवश्य पाहावी, म्हणजे बोटांची ठेवण नेमकी कशी असते हे नजरेत भरते. मूर्ती जमिनीवर न ठेवता, आसनावर बसल्यावर तिचा चेहरा डोळ्यांच्या किंचित वर येईल अशा फळीवर ठेवावी. पितळेवर पारदर्शक लेप असल्यास ती चिंचेने किंवा लिंबाने न घासता कोरड्या, मऊ फडक्यानेच पुसावी.