खान्देशातून केनियात: मिशनसेवेचं पहिलं वर्ष

मिशनरी येताना खान्देशाने पाहिले आहेत. स्कँडिनेव्हियातून आलेल्या माणसांनी नंदुरबार-नवापूर भागात शाळा, दवाखाने, मंडळ्या (म्हणजे चर्च) उभ्या केल्या. आपल्यातून कुणाला परदेशी पाठवण्याची सवय मात्र अजून नवी आहे. म्हणून तयारीची सुरुवात पासपोर्टपासून करू नका. आपल्या मंडळीतल्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांकडे बसा आणि तीन गोष्टी विचारा: बाहेरून आलेल्यांपैकी कोण आपलेसे वाटले, कशामुळे वाटले, आणि कोणती गोष्ट खटकायची. उत्तरं वहीत लिहा. कुणी ओसरीवर बसून भाकरी खाल्ली, कुणी इथली मावची बोली शिकलं, कुणी आजाऱ्याजवळ रात्र काढली, असलंच काही ऐकू येईल. उद्या केनियात तुम्ही बाहेरचे असाल आणि तिथली म्हातारी माणसं तुम्हाला याच मापाने मोजतील.

आता कागद. घोटाळा होतो तो बहुधा नावांचा. दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरं, आधारवर आडनाव आधी, लग्नाच्या दाखल्यात बायकोचं माहेरचं नाव. घरच्या सगळ्यांचे कागद एका टेबलावर मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून हे काम निघायच्या वर्षभर आधीचं. मग पासपोर्ट. छत्तीस पानी पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये, साठ पानीची 2,000. मोठ्यांच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षांची. शेजारच्या देशांत ये-जा होणार असेल तर साठ पानीच घ्या. जुना पासपोर्ट असेल तर पोचल्यानंतर किमान सहा महिने मुदत उरते का ते पाहा. सोबत पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र काढा. पदवी, नर्सिंग, डी.एड., लग्न, मुलांचे जन्मदाखले यांचं साक्षांकन आधी राज्याच्या पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं. हा क्रम उलटा चालत नाही. पुढे दूतावासाचा शिक्का लागतो का, ते बोलावणाऱ्या संस्थेला लेखी विचारा.

केनियात जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ती भेटीपुरती असते, तिच्यावर सेवा करता येत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना असतो आणि तिथली नोंदणीकृत संस्था तुमच्यासाठी तो मागते. “आधी या, मग बघू” असं कुणी म्हणालं तर निघू नका. पाहुण्याच्या परवानगीवर शाळेत शिकवणं किंवा दवाखान्यात हात लावणं हा कायदेभंग ठरतो आणि त्याचा फटका बोलावणाऱ्या मंडळीलाही बसतो. परवाना त्या संस्थेशी बांधलेला असतो. संस्था बदलली की कागद नव्याने. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला परकीय नागरिकाचं ओळखपत्रही काढावं लागतं.

घरचं आवरणं हे वेगळं काम आहे. शेत असेल तर सातबारा, फेरफार, पीक पाहणी कोण बघणार ते ठरवा. त्याला मर्यादित अधिकाराचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या. त्यात विक्रीचा अधिकार लिहू नका. आदिवासी कुटुंबांनी मुलांचे जातीचे दाखले आणि जमेल तितकी पडताळणी निघण्याआधीच करून ठेवावी. पाच-सात वर्षांनी आजोबांचे पुरावे शोधायला माणूस उरलेला नसतो. कामासाठी परदेशी राहायला गेलात की बँकेतलं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं. रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची उदार योजना (एलआरएस) व्यक्तीसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. मंडळीच्या धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेची करसवलतही धोक्यात येते. पाठवणाऱ्या मंडळीने पहिला रुपया पाठवण्याआधी सनदी लेखापालाकडून वाट लिहून घ्यावी.

पिवळ्या तापाची लस मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची गंभीर अ‍ॅलर्जी, नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरिया आपल्याला माहीत असतो म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो, आणि चूक तिथेच होते. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात मात्र फाल्सिपेरम मलेरिया घातक ठरतो. किनाऱ्यावरच्या मोंबासाला 1844 मध्ये आलेले जर्मन मिशनरी योहान लुडविग क्रॅफ यांनी थोड्याच महिन्यांत बायको आणि तान्ही मुलगी गमावली. औषधयुक्त मच्छरदाणी रोज वापरा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. “थंडी वाजतेय, उद्या बघू” चालणार नाही. प्रतिबंधक गोळी कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. ती गाव सोडल्यावरही चालू ठेवायची असते. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. पाणी खळखळून उकळलं की एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

सामान बांधताना खान्देशी माणूस एक गोष्ट हमखास विसरतो: स्वेटर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि आफ्रिका म्हटलं की त्याहून जास्त उकाडा डोळ्यांपुढे येतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या आसपास आहे. जून ते ऑगस्ट तिथे ढगाळ आणि गार असतं, रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. आपला मृगाचा हिशेब तिथे लागत नाही. विजेचा दाब जवळजवळ आपल्याइतकाच, 240 व्होल्ट, पण सॉकेट तीन चौकोनी पिनांचं. दोन-तीन अडॅप्टर इथूनच न्या. केनियाने ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे, म्हणून काळा मसाला, मेथकूट, बिबड्या स्टीलच्या डब्यांत किंवा कापडी पिशवीत भरा. बियाणं, रोपं, ताजी फळं नेऊ नका. प्रेशर कुकर न्या. उंचीवर डाळ शिजता शिजत नाही.

पोचलात की काम सुरू करण्याची घाई होईल. पाठवणाऱ्यांनाही अहवाल हवा असतो. तरीही पहिले सहा महिने किस्वाहिलीचे. दिवसाला तीन-चार तास शिक्षकाबरोबर आणि तेवढेच तास बाजारात, विहिरीवर, मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये. रोज पाच नवी वाक्यं घ्या आणि ती निदान वीस जणांशी बोला. एका माणसाशी वीस वाक्यं बोलण्यापेक्षा याने जीभ लवकर सुटते. ही शिस्त निघण्याआधीच पाठवणाऱ्या मंडळीकडून लेखी मान्य करून घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात “किती सभा झाल्या?” असा फोन येतो आणि माणूस दुभाष्याला घेऊन उपदेशाला उभा राहतो. दुभाष्याची एकदा सवय लागली की भाषा तिथेच थांबते.

मराठी माणसाला ही भाषा जड जात नाही. दुनिया, चाय, चपाती, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग, हेसाबू म्हणजे हिशेब, दावा म्हणजे औषध, बिमा म्हणजे विमा. अरबी, फारसी आणि आपल्या किनाऱ्यावरून गेलेले शब्द पावलोपावली भेटतात. शब्दातला आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. अवघड जातात ते नामांचे वर्ग: किताबूचं अनेकवचन विताबू, म्तोतोचं वातोतो, आणि त्यानुसार विशेषण आणि क्रियापदाचंही तोंड बदलतं. तक्ता पाठ करून हे बसत नाही. शब्द शिकतानाच एक आणि अनेक अशी जोडी म्हणा.

फसवतात ते नात्यांचे शब्द. किस्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘मामा’ म्हणजे आई. मंडळीतल्या तरण्या मुलाला प्रेमाने दादा म्हणालात तर सगळे हसतील. हसू द्या, पण बायकांना मामा म्हणायला संकोचू नका, तो आदर आहे. खऱ्या मामाला म्जोम्बा, आत्याला शांगाझी, आजीला बिबी. वडीलधाऱ्यांना, किनारपट्टीवर तर आवर्जून, ‘शिकामो’ म्हणायचं. ते ‘मराहाबा’ म्हणतात. दारात उभं राहून ‘होदी’ म्हणा आणि ‘कारिबू’ ऐकू आल्यावरच आत जा. कुणी ठेचकाळलं, कुणाचं माणूस गेलं, कुणाची बस चुकली, सगळ्याला ‘पोले’. आपली चूक नसली तरी म्हणायचं.

घड्याळाचीही गंमत नीट समजून घ्या. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे एक वाजला, पण आपल्या हिशेबाने सकाळचे सात. ‘सा तातू’, तीन, म्हणजे नऊ. सहा मिळवा. इंग्रजीत बोलताना तोच माणूस आपल्यासारखीच वेळ सांगतो, म्हणून भेट ठरवताना वेळ दोन्ही भाषांत म्हणून खात्री करा. घरी फोन करायचा तर केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

खाण्याचा प्रश्न खान्देशी घरात लवकर सुटतो. उगाली हा पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. उकळत्या पाण्यात पीठ थोडं थोडं सोडत, लाकडी चमच्याने रेटून गुठळ्या मोडत करतात. हाताने तोडून सुकुमा विकीच्या पालेभाजीबरोबर खातात. भाकरीची भूक त्यावर भागते. ज्वारीला म्तामा म्हणा, नाचणीला विंबी, तुरीला म्बाझी, वांग्याला बिरिंगान्या. कोथिंबीर धानियाच. कळण्याच्या भाकरीसाठी उडीद भारतीय दुकानात मिळतात. भरीत निखाऱ्यावर तिथेही उत्तम होतं, आणि शेजाऱ्याला घरी बोलावायला तेवढं निमित्त पुरे. पण पहिले तीन महिने स्वतः बोलावण्यापेक्षा त्यांच्या घरी जास्त जेवा.

तुम्हाला ‘मुहिंदी’ म्हणतील. त्या शब्दामागे मोठा इतिहास आहे. 1896 ते 1901 मध्ये मोंबासाहून सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, त्यातले अडीच हजारांच्या घरात मेले. मागोमाग दुकानदारी वाढली. 2017 मध्ये आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची चव्वेचाळीसावी जमात म्हणून मान्यता मिळाली. तरी भारतीय म्हणजे पैसेवाला मालक ही समजूत पक्की आहे, आणि गावितपाड्याहून गेलेल्या माणसालाही तीच लागू होते. वाद घालू नका. मटाटूने फिरा, भाव किस्वाहिलीत विचारा, स्वतः भांडी घासा. आणखी एक गोष्ट तिथल्या पाळकांना सांगण्यासारखी आहे. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळच्या शरणपुरात शिकली. त्यातले काही 1860च्या दशकात मोंबासाजवळच्या राबईला सेवेसाठी परतले. सोडवलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ 1875 मध्ये वसलेल्या फ्रेअरटाउन या वस्तीलाही अशाच लोकांचा आधार होता. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह किनाऱ्यावर आणणाऱ्यांत शरणपुरात शिकलेले जेकब वेनराइट होते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून तिथे सुवार्ता आधीच गेलेली आहे. तुम्ही पहिले नाही, हे मनाला फार हलकं करतं.

उपासना दोन-तीन तास चालते आणि पाहुण्याला उभं करून बोलायला लावतात. ‘ब्वाना असिफिवे’, प्रभूची स्तुती असो, याने सुरुवात करून पाच वाक्यं पाठ ठेवा: नाव, गाव, कुटुंब, कुणी पाठवलं, आभार. उपदेश नको.

पैशाची मागणी पहिल्या आठवड्यातच येते: फी, औषध, अंत्यविधी. एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइल-पैसे सेवेवर, पैसे पाठवणं सोपं आहे, म्हणूनच हात लवकर सुटतो. महिन्याची एक रक्कम ठरवा आणि ती स्थानिक मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. कुणाला द्यायचं ते तेच ठरवतील. अंत्यविधीच्या वर्गणीत शेजाऱ्यांइतकंच घाला, जास्त नको. उधार देऊ नका, कारण उधारीने नातं तुटतं. कुणालाही शिक्षणाचं किंवा भारतात उपचाराचं वचन पहिल्या वर्षी देऊ नका.

घरी जाणारं प्रार्थनापत्र दर महिन्याला एक पान. कुणाचा फोटो घातला तर आधी त्याला विचारा आणि मजकूर वाचून दाखवा. आपल्या आजी-आजोबांचे फोटो असेच न विचारता साता समुद्रापार गेले असतील, हे लक्षात असू द्या. पत्रात लोकांची गरिबी रंगवण्यापेक्षा त्यांनी तुम्हाला काय शिकवलं ते लिहा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात मन खचतं. झोप उडते, सगळ्यांचा राग येतो, सतत मोबाइलवर गावचे व्हिडिओ बघितले जातात. ही श्रद्धेची घसरण समजू नका. आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टी, घरी फोन ठरलेल्या दोनच दिवशी, आणि रोज एखाद्या शेजाऱ्याकडे चहा, एवढं पाळा. बायकोला भाषा शिकायला तेवढाच वेळ मिळतो का, ते पाहा. ती घरात अडकली की अख्खं कुटुंब परतीची वाट बघू लागतं. मुलांचं शालेय वर्ष तिथे जानेवारीत सुरू होतं. आपल्या एप्रिलमध्ये वर्ष संपवून गेलात तर मधल्या महिन्यांत मुलाला भाषेची शिकवणी लावा आणि जानेवारीतच वर्गात बसवा. मराठी वाचन घरी रोज अर्धा तास.

पहिल्या सुट्टीवर येताना पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टला लावून हातातल्या पिशवीत ठेवा. केनियाहून परतणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.