जीआरईचे शब्द कसे पाठ करावेत

जीआरई म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्या इंग्रजी शब्दांची यादी कोणतीही घ्या, हजारेक शब्दांची असली की पुरे. जाडजूड याद्या विरुद्धार्थी शब्द थेट विचारायचे तेव्हाच्या. ते प्रश्न २०११ सालीच गेले. रोज पंधरा नवे शब्द आणि मागच्यांची उजळणी. अँकी हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप वापरा नाहीतर पुठ्ठ्याची कार्डं कापा.

घोडं अडतं ते कार्डाच्या मागे काय लिहायचं तिथे. मला क्लासमध्ये सांगितलं होतं, 'एका शब्दाला एक अर्थ, दहा-दहा वेळा लिहा.' वह्या भरल्या. 'फ्रूगल' म्हणजे कंजूष, 'पार्सिमोनियस' म्हणजेही कंजूष. मग सराव परीक्षेत वाक्य आलं: तुटपुंज्या पेन्शनीत घर भागवून नातवाच्या फीला पैसे साठवणारी आजी. मी बिनधास्त 'पार्सिमोनियस' ठोकलं! ती बिचारी काटकसरी, म्हणजे फ्रूगल. मी तिला चिक्कू ठरवलं होतं.

तेव्हापासून मी मागे तीन गोष्टी लिहितो. नेमक्या छटेचा मराठी शब्द. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच लिहा हा सल्ला मला पटत नाही, कारण काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो. मग अधिक-उणे चिन्ह: कौतुक की नावं ठेवणं. आणि स्वतःचं एक वाक्य. 'तो टॅसिटर्न आहे' हे वाक्य नव्हे, तिथे 'उंच'ही बसेल. 'तो इतका टॅसिटर्न की शेजारी तास काढला तरी त्याचा आवाज कळला नाही' असं हवं. शब्दावर अंगठा ठेवून वाचा. घुमाच असणार हे उरलेल्या वाक्यावरून ओळखता आलं नाही, तर वाक्य फाडा. 'लॅकॉनिक'ला हे वाक्य चालणार नाही. तो बोलतो, पण मोजकं.

लाल पेन ठेवा ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांसाठी. 'एनर्व्हेट' ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र गळून जायला लावणं. 'रेस्टिव्ह' म्हणजे शांत नव्हे, चुळबुळणारा. 'नॉइसम'चा आवाजाशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा. 'क्वालिफाइड' स्तुती म्हणजे हातचं राखून केलेली. अनोळखी शब्दाला आपण निदान घाबरतो. यांच्यापायी मी कित्येक गुण गमावलेत.

सरावाला बसलात की पर्याय झाका आणि रिकामी जागा आधी मराठीत भरा. सहातून दोन निवडायच्या प्रश्नात हे फारच महत्त्वाचं: समानार्थी जोडी दिसली की हात शिवशिवतो, पण ती वाक्यात बसतच नाही, असा सापळा हमखास असतो. दोन्ही बरोबर आले तरच गुण, अर्धा कुणी देत नाही. इंग्रजीच्या पहिल्या भागात १२ प्रश्नांना १८ मिनिटं मिळतात, तेव्हा उताऱ्यांसाठी वेळ इथेच वाचवा.

आदल्या रात्री नवा शब्द नको. फक्त लाल कार्डं.