संथ प्रोग्रामचा आलेख कसा वाचावा

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून शिकून बेळगावात अभियांत्रिकीला आलेले काही विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुधा प्रोग्रामचे उत्तर बरोबर असते, पण वेळ फार लागत असतो. प्रोफाइलर, म्हणजे प्रोग्रामच्या कोणत्या भागात किती वेळ जातो ते मोजणारे साधन, चालवण्यापर्यंत बहुतेकांची मजल जाते. त्यातून निघालेला आकड्यांचा लांबलचक तक्ता पाहून मात्र ते अडतात. तो तक्ता आलेखाच्या रूपात वाचण्याची सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

चिकोडीकडच्या दोन विद्यार्थिनींनी उसाच्या वजनकाट्याच्या पावत्यांवरून शेतकरीनिहाय हिशेब काढणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला होता. पायथॉनसोबतच मिळणाऱ्या सी-प्रोफाइल या प्रोफाइलरच्या तक्त्यात तारखेचा मजकूर वाचणारे फंक्शन (प्रोग्राममधला नाव दिलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा तुकडा) सर्वांत वर होते, म्हणून त्या अधिक वेगवान पर्याय शोधत होत्या. आम्ही सी-प्रोफाइलने मोजलेल्या आकड्यांची तीच फाइल जीप्रॉफ-टू-डॉट या रूपांतर करणाऱ्या साधनातून ग्राफव्हिझ या आलेख काढणाऱ्या साधनाला दिली. या आलेखात प्रत्येक चौकट म्हणजे एक फंक्शन असते; चौकटीत त्याने बोलावलेल्या फंक्शनांसह लागलेला एकूण वेळ टक्क्यांत, कंसात केवळ त्याचा स्वतःचा वेळ आणि खाली बोलावण्यांची संख्या लिहिलेली असते. बाण बोलावणाऱ्याकडून निघतो. तारखेच्या चौकटीकडे येणारा जाड बाण फाइल वाचणाऱ्या भागातून निघत नव्हता. पावत्या क्रमाने लावताना दोन पावत्यांची तुलना करणाऱ्या फंक्शनातून तो येत होता. विस्कळीत क्रमातल्या एक लाख पावत्या लावायला साधारण 15 ते 17 लाख तुलना लागतात, आणि येथे प्रत्येक तुलनेत दोन्ही तारखा नव्याने वाचल्या जात होत्या. पावती वाचतानाच तारीख एकदा रूपांतरित करून ठेवली, तेव्हा तो बाण उरलाच नाही. म्हणून मोठी चौकट दिसली की आधी तिच्याकडे येणारे बाण तपासावेत.

सी किंवा सी++ मध्ये काम करणाऱ्यांना 1982 चा जीप्रॉफ हा प्रोफाइलर अजूनही भेटतो. एखाद्या फंक्शनाच्या प्रत्येक बोलावण्याला सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरून तो वेळेची वाटणी करतो, त्यामुळे त्याच्या बाणांवरील टक्केवारी जपून वापरावी. लिनक्सवर मी पर्फ या प्रोफाइलरने नमुने घेऊन, म्हणजे त्या त्या क्षणी कोणते फंक्शन चालू आहे याची ठरावीक अंतराने नोंद घेऊन, फ्लेम ग्राफ काढणे पसंत करतो. ब्रेंडन ग्रेग यांनी 2011 मध्ये मांडलेल्या या आलेखात प्रत्येक फंक्शनाची एक पट्टी असते, बोलावलेल्या फंक्शनाची पट्टी बोलावणाऱ्याच्या पट्टीवर रचलेली असते, आणि पट्टीची रुंदी म्हणजे त्या फंक्शनाच्या वाट्याला आलेले नमुने. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, असा समज नवख्यांचा हमखास होतो, पण पट्ट्या साधारणतः वर्णानुक्रमे लावलेल्या असतात. पट्ट्यांचे मनोरे अर्धवट तुटलेले दिसले, तर फ्रेम पॉइंटर (कोणी कोणाला बोलावले हा माग काढायला लागणारी खूण) राखून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा.

प्रोग्राम डिस्कची किंवा डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असेल, तर प्रोसेसरच्या नमुन्यांवरून काढलेल्या फ्लेम ग्राफमध्ये तो वेळ उमटत नाही. त्यामुळे आलेख काढण्याआधी टाइम आज्ञेने प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि प्रोसेसरचा वेळ यांची तुलना करावी, आणि त्यांत मोठी तफावत असेल तर शोध त्या प्रतीक्षेपासून सुरू करावा.