कोकण किनाऱ्यावर सायकलने किंवा पायी फिरताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की रेवस ते रेडी या सागरी मार्गावर पिशव्या लादलेल्या सायकली दिसू लागतात. पुळणीवरून पायी निघालेली मंडळीही असतात. दरवर्षी माणसं नवी असतात, चुका मात्र त्याच. बहुतेकांनी अंतर बघितलेलं असतं, पण भरती, चढ आणि खाडी यांतलं काहीच बघितलेलं नसतं. इथे दिवस किती मोठा होणार हे याच तीन गोष्टी ठरवतात.

भरतीची वेळ न बघता निघणं

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, एवढं ऐकून लोक येतात. ओहोटी किती वाजता पूर्ण होते, हे कुणी विचारत नाही.

नेहमी घडणारा प्रसंग असा. तिथी तृतीया, ओहोटी पूर्ण होते सकाळी साडेआठच्या सुमारास. मंडळी नाश्ता उरकून साडेनऊला किनाऱ्यावर येतात. वाळू उघडी आणि पाणी जेमतेम घोट्यापर्यंत, म्हणून खुशीत आत जातात. गणपतीचं दर्शन, गोड्या पाण्याचं तळं, तटावरून फोटो यात तास-दीड तास जातो. अकरा वाजता दरवाज्यातून बाहेर येतात तर मधल्या सखल पट्ट्यात पाणी कमरेला लागतंय. मग कुणी म्हणतं, "आलो तसेच जाऊ." कुणी मुलाला खांद्यावर घेतं. दहा पावलांत पायाखालची वाळू सरकायला लागते आणि सगळे मागे फिरतात. होडी मिळाली तर ठीक. नाहीतर सव्वादोनला भरती पूर्ण होणार, पाणी परत उतरणार आणि वाट मोकळी होईपर्यंत दिवेलागण झालेली असणार.

माणसं फसतात कारण पाणी एकाच वेगाने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत पाणी एकूण जितकं चढतं त्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. पहिला तास बघून वाटतं, घाई काय आहे! उधाणाला अलिबागकडे पाणी साधारण चार मीटर चढतं. म्हणजे एकट्या तिसऱ्या तासात एक मीटर.

वेळ काढायची जुनी किनारपट्टीची रीत तोंडपाठ करा: तिथीची पाऊणपट. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास आणि वर दहा मिनिटं मिळवली की ओहोटी. पक्ष कुठलाही असो, हिशोब तोच. हा अंदाज आहे, त्यात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. म्हणून छापील किंवा मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या, आणि शंका असेल तर किनाऱ्यावर जाळं सुकवणाऱ्या काकांना विचारा. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, आणि पाणी पुरेसं मागे हटतच नाही, तेव्हा चालत जायचा नाद सोडा.

एक नियम मात्र मोडू नका. पाणी उतरत असताना आत जायचं आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या घटकेला परतीला लागायचं. वरच्या उदाहरणात साडेसातला आत, साडेआठला परत. एवढ्या वेळात किल्ला बघून होत नसेल तर पुन्हा या.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गालाही हेच लागू. डोंगराच्या फटीतून पायऱ्या थेट कातळावर उतरतात आणि तिथून वाट लाटांच्या कडेने जाते. पायऱ्यांच्या तळाशी कातळ ताजा ओला दिसला, तर तिथवर लाट येऊन गेली आहे असं समजा आणि वरूनच नमस्कार करा. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी उंच उसळतं. ते लांबून बघायचं असतं, घळीच्या काठावर पाठमोरं उभं राहून फोटो काढण्यासाठी नसतं.

"समुद्राकाठचा रस्ता, सपाटच असणार"

हा गैरसमज घेऊन आलेला सायकलस्वार दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल ढकलताना भेटतो. इथली रचना समजून घ्या: खाडीशी समुद्रसपाटी, तिथून उभी घाटी, वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार, मग तेवढाच उतार आणि पुन्हा खाडी. दिवसातून हे चार-पाच वेळा होतं. एकही चढ मोठ्या घाटाएवढा नसतो, पण बेरीज मोठ्या घाटाएवढी होते. गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरीला जाताना फोटोत दिसतो तो समुद्र, आणि पाय लक्षात ठेवतात ते चढ.

सामान लादून निघत असाल तर सगळ्यात हलका गियर किमान एकास एक हवा, म्हणजे पुढे 34 दात तर मागे 34. पुढे 28 किंवा 30 असेल तर गुडघे दुवा देतील. शर्यतीची सायकल आणि ईर्ष्या दोन्ही घरी ठेवा. नवख्याने दिवसाला 50 ते 60 किलोमीटरच धरावेत. सपाटीवर 100 मारणाऱ्यांनाही आमचा हाच सल्ला असतो, आणि तो न ऐकणारे तिसऱ्या दिवशी टेम्पो शोधतात.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वेग वळणाआधी कमी करा. उताराच्या तळाशी बहुधा पूल किंवा वस्ती असते आणि वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते.

सड्यावर सावली नाही, दुकानही नाही. चढाच्या पायथ्याच्या शेवटच्या वाडीत दोन्ही बाटल्या भरून घ्या आणि एकीत मीठ-साखर घाला. सकाळी सहाला निघा, साडेअकराला थांबा.

फेरीबोट गृहीत धरणं

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. नकाशावर या खाड्यांवरून सरळ रेघ मारलेली दिसते, पण ती रेघ म्हणजे बोट, आणि बोटीला वेळापत्रक असतं. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी वेळ विचारा आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर दिवस आखूच नका. शेवटून दुसरी तुमची.

खारं पाणी

ओल्या वाळूवर सायकल मस्त पळते, हे खरं. पण लाटेतून नेलेल्या सायकलची साखळी दुसऱ्या सकाळी तांबूस होऊन कुरकुरते. त्याच संध्याकाळी बादलीभर गोडं पाणी मगाने वरून ओता, फडक्याने कोरडी करा आणि साखळीच्या प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा. जास्तीचं तेल पुसून टाका, नाहीतर वाळू चिकटते. पाइपची जोराची धार हबवर आणि पेडलच्या आसावर मारू नका, कारण त्याने मीठ आणि वाळू बेअरिंगमध्ये जाते. किनारा सोडल्यावर थेट तेल लावणं हा शॉर्टकट सगळ्यांत वाईट: वाळू आणि तेल एकत्र झालं की पॉलिशपेपर तयार.

बाकीच्या थोडक्यात

दक्षिणेकडून उत्तरेला निघू नका. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येचा, म्हणजे तोंडावर.

कोकण रेल्वेची स्टेशनं समुद्राला लागून नाहीत. स्टेशन ते किनारा हा पहिला पट्टाही हिशोबात धरा.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा अलिबाग-काशीद रस्त्यावर सायकलचा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत या.

सड्यावर कातळशिल्पं असतात. बूट घालून किंवा सायकल घेऊन त्यांच्यावर जाऊ नका, आणि रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडूने गिरवू नका.

जेटीच्या उतरंडीवर सायकलवर बसून जाऊ नका. ओहोटीला तिचा खालचा भाग हिरव्या शेवाळाने माखलेला असतो आणि पुढचं चाक क्षणात निसटतं. उतरा, सायकल डाव्या हाताला घ्या, कडेच्या कोरड्या पट्टीवरून चाला आणि आधी गाड्या चढू द्या.