मित्रांसाठी जुन्या धाटणीचा रोलप्लेइंग खेळ कसा चालवावा

१९७४ साली प्रसिद्ध झालेला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग (प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) खेळ सैनिकी पटखेळांच्या छंदातून जन्माला आला आणि त्याच्या मूळ नियमांत खेळ चालवणाऱ्याला ‘रेफरी’ म्हटले होते. जुन्या धाटणीचा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, कथाकार नसतो, पंच असतो. त्यामुळे कथानक रचत बसू नये. एक धोक्याची जागा रचावी.

प्रथम नियम निवडावेत. १९८१ च्या बेसिक आवृत्तीचे नियम नव्याने सुटसुटीत मांडणाऱ्या ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’चा मूलभूत भाग मोफत मिळतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. फासे मात्र चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे सगळे लागतात.

मग आलेखाच्या कागदावर दहा-बारा खोल्यांचे भुयार काढावे. एका खोलीतून दुसरीत जाणारी सरळ रांग टाळावी. वाटा फुटल्या आणि पुन्हा एकमेकींना मिळाल्या, तरच खेळाडूंना निवड करता येते. सुमारे एक तृतीयांश खोल्या रिकाम्या सोडाव्यात. नवखे गेम मास्टर नेमके हेच करायला कचरतात, पण प्रत्येक दारामागे राक्षस असेल तर दाराशी कान लावण्यात अर्थ उरत नाही. भुयारात राहणाऱ्यांना काय हवे आहे, हे प्रत्येकी एका ओळीत लिहून ठेवावे.

पात्रे खेळाडूंनी मेजावरच बनवावीत: ताकद, बुद्धी यांसारख्या सहा गुणांसाठी क्रमाने सहा बाजूंचे तीन-तीन फासे टाकायचे आणि जे येईल ते स्वीकारायचे. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे एकच मंत्र आणि सहसा फार तर चार हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) असतात, म्हणून पात्र मरू शकते, हे आधीच स्पष्ट सांगावे.

प्रत्यक्ष खेळात सर्वाधिक लक्ष वेळेच्या नोंदीकडे द्यावे. भुयारातील एक फेरी दहा मिनिटांची असते, मशाल सहा फेऱ्यांत विझते आणि दर दोन फेऱ्यांनी सहा बाजूंच्या फाशावर १ पडल्यास भटका राक्षस समोर येतो. ही नोंद टाळली, तर प्रत्येक भिंत तपासत बसण्यासाठी काही किंमत मोजावी लागत नाही आणि खेळातला ताण निघून जातो. समोर जे दिसते ते सांगून ‘तुम्ही काय करता?’ एवढेच विचारावे. खेळाडूने ‘मी खण पूर्ण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहतो’ असे म्हटले आणि किल्ली तिथेच चिकटवलेली असेल, तर ती त्याला सापडली. फासा टाकायला लावू नये.

राक्षस दिसताच लढाई जुंपू नये. त्याचा पवित्रा ठरलेला नसेल, तर सहा बाजूंचे दोन फासे टाकावेत: २ आल्यास तो हल्ला करतो, १२ आल्यास मैत्रीने वागतो आणि मधल्या आकड्यांवर बोलणीला वाव राहतो. त्यातच, बाहेर आणलेल्या खजिन्यातील प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण (पात्राची पातळी वाढवणारा गुण) मिळतो, तर राक्षस मारून त्या मानाने फारच थोडे मिळतात. हा हिशेब कळला की खेळाडू तलवारीआधी डोके चालवू लागतात.

एखादा नियम आठवला नाही, तर तिथल्या तिथे निवाडा द्यावा, तो वहीत टिपावा आणि पुस्तक नंतर उघडावे. बैठक संपण्याच्या अर्धा तास आधी वेळेची आठवण करून द्यावी, म्हणजे मंडळी भुयाराबाहेर पडतील आणि खजिन्याची वाटणी त्याच दिवशी उरकता येईल.