शाळेतल्या नासाडीचा हेडसरांना पटेल असा हिशोब कसा मांडायचा

"सर, नळ गळतोय" म्हटलं की "बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, पण आकडा घेऊन गेलात तर निदान बसायला तरी सांगतात. मात्र आकडा असा हवा की सरांनी स्वतः मोजला तरी तोच यावा, थोडा जास्त निघाला तर अजूनच चांगलं. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की बाकीचे खरे आकडेही गेलेच समजा.

नळापासून सुरुवात करा, सगळ्यात सोपं. एक लिटरची रिकामी बाटली खाली धरा आणि मोबाईलवर टाइमर लावा. समजा 10 मिनिटांत भरली, तर तासाला 6 लिटर, आणि शाळा सुटली म्हणून नळ काही घरी जात नाही, म्हणजे दिवसाला 144 आणि 30 दिवसांचे 4320 लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार टाक्या भरून वर उरतं. रात्री टाकी रिकामी राहत असेल तर मात्र 24 तास धरू नका, तेवढे कमी करा. हे उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आत दाखवलं तर जास्त लागतं, कारण तेव्हा नाशकात गंगापूर धरणात किती पाणी उरलं याचीच चर्चा चालू असते.

पंख्यांचा हिशोब जरा ट्रिकी आहे. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅटचा. 8 वर्ग, प्रत्येकी 3 पंखे, मधल्या सुट्टीत अर्धा तास रिकाम्या वर्गात चालू: 24 × 75 म्हणजे 1800 वॅट, अर्ध्या तासाचं 0.9 युनिट (1000 वॅट तासभर म्हणजे 1 युनिट). आता याला शाळेच्या 200 दिवसांनी गुणायचा मोह होतो, पण थंडीत जवळच्या निफाडला पारा उतरतो तेव्हा नाशकातही पंखा कोण लावतंय, म्हणून 140 च दिवस धरा, 126 युनिट. रुपये काढताना बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असं करू नका!! त्यात स्थिर आकारही असतो आणि तो पंखे बंद केले तरी भरावाच लागतो. फक्त वीज आकार आणि वहन आकाराचा (वीज पोचवण्याचा) प्रति युनिट दर घ्या, रक्कम छोटी दिसेल, दिसू दे.

खिचडी उरते तिथे शिजलेलं शिजलेल्याशीच मोजा. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम धान्य मिळतं ते कोरडं, शिजल्यावर पाण्याने वजन वाढतं, म्हणून उरलेली बादली त्या धान्याशी ताडली तर नासाडी आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि आहार शिजवणाऱ्या ताई लगेच चूक काढतील, बरोबरच आहे त्यांचं.

कागद मोजत बसू नका, वजन करा. 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए फोर कागद जवळपास 5 ग्रॅमचा असतो, म्हणजे पाठकोऱ्या कागदांचा 2 किलोचा गठ्ठा म्हणजे 400 कागद.

मग सगळं एका पानावर उतरवा, कुठल्या तारखेला कुणी मोजलं तेही, आणि मागणी एकच ठेवा, समजा नळाचा वायसर. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर ते पान शाळा व्यवस्थापन समितीत नेता येतं, तिथे कायद्यानेच किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. वायसर बदलला की त्याच बाटलीने परत मोजा आणि नवा आकडा त्याच पानावर लिहा, पंख्यांचं बोलायला जाल तेव्हा ते पान सोबत न्या.