अफर्मेशनची प्रार्थना कशी करायची

सध्या अफर्मेशनचं नुसतं पेव फुटलंय, सकाळी आरशासमोर उभं राहून "मी स्ट्राँग आहे, मी यशस्वी होणारच" वगैरे म्हणायचं, आणि आपल्या चर्चमधली तरुण पोरं पण विचारतात की हे आपल्यात चालतं का. माझं मत विचाराल तर चालतं, पण एक बदल करून. ते वाक्य स्वतःला ऐकवायचं नाही, देवाला सांगायचं. मग ते अफर्मेशन राहत नाही, प्रार्थना होते.

आणि हे काही इन्स्टाग्रामवाल्यांनी शोधलेलं नाही हां. इजिप्तच्या वाळवंटातले साधू चौथ्या शतकात हेच करायचे, एकच छोटी ओळ, काम करता करता दिवसभर. जॉन कॅसियन नावाच्या साधूने त्यांच्याकडून शिकून लिहून ठेवलंय की बायबलमधल्या स्तोत्र ७० ची पहिली ओळ, म्हणजे देवा मला सोडव, माझ्या मदतीला लवकर ये, ही सुखात, दुःखात, जेवताना, झोपताना कधीही म्हणा. आजही फादर-सिस्टर लोकांची तासिक प्रार्थना (दिवसातल्या ठरलेल्या वेळांची) याच ओळीने सुरू होते. संत फॉस्तिनाच्या दैवी दयेच्या तसबिरीखाली असते ती "येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे" ही ओळ पण त्याच जातीची, १९३१ साली पोलंडमधली. आणि आपण मराठी माणसं, पुण्याहून आळंदी-देहू तासाभराच्या अंतरावर, नामस्मरण म्हणजे काय ते आपल्याला वेगळं समजवायची गरजच नाही.

आता ओळ कुठून आणायची? स्वतः बनवत बसू नका. सोपा उपाय सांगतो. रविवारच्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) बायबलच्या पहिल्या वाचनानंतर स्तोत्र असतं ना, त्यात आपण सगळे मिळून परत परत जी ओळ म्हणतो ती घ्या आणि आठवडाभर तीच वापरा. ओळ आयती मिळते, लहान असते, आणि मुख्य म्हणजे आपल्या आवडीची नसते. आपल्या आवडीने निवडली की आपण फक्त गोड गोड ओळी निवडतो (मी तरी निवडतो). भाषेचं म्हणाल तर पुण्यात इंग्लिश, मराठी, कोंकणी, तमिळ सगळ्या मिस्सा मिळतात, तुम्ही कुठल्याही मिस्साला जा, पण ओळ मात्र त्या भाषेत म्हणा ज्या भाषेत ठेच लागल्यावर तोंडातून आवाज निघतो. "आई गं" निघत असेल तर मराठीत.

नेहमीचं अफर्मेशन आधीच तोंडात बसलं असेल तर ते फिरवून घ्या. "मी मौल्यवान आहे" म्हणत असाल तर "प्रभू, तुझ्या नजरेत मी मोलाचा आहे" म्हणा, ते यशया ४३:४ मधलंच आहे. "आज सगळं छान होणार" च्या जागी "आज जे होईल त्यात तू माझ्याबरोबर आहेस". यावर स्तोत्र २३ एकदा नीट वाचून बघा, सुरुवातीला दावीद देवाबद्दल "तो" म्हणून बोलतोय, तो मला हिरव्या कुरणात नेतो वगैरे, आणि चौथ्या ओवीत जिथे अंधारी दरी येते तिथे एकदम "तू" सुरू होतं, तू माझ्याबरोबर आहेस. म्हणजे कुरणात असताना देवाविषयी बोलणं आणि दरीत गेल्यावर देवाशी बोलणं. आपल्याला सकाळपासूनच "तू" वर यायचंय, दरीची वाट न बघता.

बायबलमधल्या फिलिप्पै ४:१३ चं मात्र जरा बघून. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो", ही ओळ बारावीच्या पोरांच्या पॅडवर आणि जिमच्या भिंतीवर पण दिसते. प्रेषित पौलाने ती कैदेत असताना लिहिली, आणि आदल्याच ओवीत तो म्हणतो की मी भरल्या पोटी राहायलाही शिकलोय आणि उपाशी राहायलाही. म्हणजे ती टक्के वाढवायची ओळ नाही, टक्के कमी आले तरी उभं राहायची आहे. परीक्षेला जाताना जरूर म्हणा, पण निकालाच्या दिवशी पण म्हणा.

वेळेचं काय तर वेगळा वेळ काढायचा प्लॅन करूच नका, टिकत नाही. रोज हमखास होणाऱ्या कामाला ओळ बांधून टाका. हेल्मेटचा पट्टा लावताना, मेट्रोचं दार बंद होताना, विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला (तिथे तर माळेवरची अख्खी रोझरी होईल), कुकर लावताना. श्वासाबरोबर म्हणायचं तर श्वास आत घेताना "प्रभू येशू", सोडताना "माझा तुझ्यावर भरवसा आहे". दुपारी बाराला मोबाईलचा अलार्म लावा, देवदूताच्या वंदनेची (देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाच्या प्रार्थनेची) वेळ तशीही तीच असते, पूर्ण वंदना जमली तर उत्तम, मीटिंगमध्ये असाल तर नुसती ओळ. आणि मिस्सात फादर ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) उंच धरतात तेव्हा येशूचा शिष्य थोमा याचे शब्द मनात म्हणायची आपली जुनी सवय आहेच, "माझ्या प्रभू, माझ्या देवा" (योहान २०:२८). ती सुटली असेल तर तिथूनच सुरू करा, याहून छोटी आणि भारी ओळ मला तरी माहीत नाही.

कधी कधी ओळ खोटी वाटते. घरात कोणी आजारी आहे, नोकरी गेलीये आणि आपण म्हणतोय स्तोत्र २३ मधलं "मला काही उणे पडणार नाही". तेव्हा ओढून ताणून म्हणू नका. मार्क ९:२४ मधला तो बाप आठवा, पोराच्या आजारपणाने टेकीला आलेला, तो सरळ म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. किंवा स्तोत्र १३, "परमेश्वरा, किती वेळ?" तक्रार पण प्रार्थनाच असते, बायबलमध्ये तक्रारीची स्तोत्रं ढिगाने आहेत. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर डॉक्टरकडे जा, ओळ म्हणत जा पण जा.

दोन गोष्टी टाळा. एक, मोजणी. शंभर वेळा म्हटलं की काम होतं असं काही नसतं, मत्तय ६:७ मध्ये येशूनेच सांगितलंय की खूप बोललं म्हणजे ऐकलं जातं असं समजू नका. ते मॅनिफेस्ट करणं (मनात घोकलं की हवं ते मिळतंच असं मानणं) वगैरे त्यातलंच, त्यात देवाला आपण ऑर्डर देतो. दुसरं, यावर भागवून मिस्सा आणि कन्फेशन सोडून देणं. ही ओळ रविवार ते रविवार पोचायला आहे, रविवारच्या जागी नाही.

रात्री झोपताना दोन मिनिटं, संत इग्नेशियसच्या एक्झामेनसारखं, दिवस आठवायचा, आज ओळ कुठे आठवली, कुठे अजिबात आठवली नाही आणि मी कोणावर तरी खेकसलो, त्याबद्दल थँक्यू आणि सॉरी, झालं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण करताना आठवड्याची ओळ त्यांनाच म्हणायला लावा, बुधवारपर्यंत ती त्यांना पाठ होते आणि मग आपण विसरलो की तीच आठवण करून देतात, बहुतेक वेळा आपण चिडलेलो असतो तेव्हाच.